तिसरा आकडा

बंगळूरच्या महादेवपुऱ्याहून एका वाचकाने विचारलं आहे: कोविडच्या दुसऱ्या लाटेत व्हाइटफील्डकडच्या सोसायट्यांत एकाचं प्रिस्क्रिप्शन व्हॉट्सॲपवरून दुसऱ्याकडे जायचं आणि त्यात ताप आल्या दिवसापासून स्टेरॉइड असायचं. ते बरोबर होतं का?

नव्हतं. आणि हे जवळजवळ वर्षभर आधीच समोर आलं होतं, याची मला आजही हळहळ वाटते.

१६ जून २०२० रोजी ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल जाहीर झाला. औषध स्वस्त, जुनं स्टेरॉइड: डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. केवढी मोठी गोष्ट! बातमी गाजली ती या दोन आकड्यांमुळे. तिसऱ्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. दाखल झालेल्या, पण ऑक्सिजन न लागलेल्या रुग्णांत औषध घेणारे १७.८ टक्के दगावले, न घेणारे १४. एवढ्याने अपाय सिद्ध होत नाही. पण फायदा कुठेच दिसत नाही. लक्षणं सुरू होऊन आठवडा उलटलेल्यांनाच औषध जास्त लागू पडलं, हेही त्याच चाचणीत दिसलं.

पहिल्या आठवड्यात विषाणू जोमाने वाढत असतो आणि त्याला आवरते ती आपली प्रतिकारशक्ती. स्टेरॉइड तिलाच दाबतं. पुढे काहींमध्ये विषाणू ओसरतो, पण चेतलेली प्रतिकारशक्ती फुफ्फुसांवर उलटते. तेव्हा दाबणं कामी येतं. २००३च्या सार्समध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांना लवकर हायड्रोकॉर्टिसोन देऊन पाहिलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या रक्तात विषाणूचा आरएनए जास्त सापडला. इतका छोटा, इतका बोलका अभ्यास, आणि १७ वर्षांनी तो आठवला किती जणांना?

मे २०२१च्या सुरुवातीला एम्सचे रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात लवकर स्टेरॉइड घेऊ नका, असं बजावलं. त्याच महिन्यात महाराष्ट्रात आणि कर्नाटकात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे वॉर्ड भरू लागले. स्टेरॉइडने साखर चढते. मधुमेह्याची तर झपाट्याने, आणि वाढलेल्या साखरेत ही बुरशी फोफावते. नाकाच्या पोकळ्यांतून ती डोळ्यापर्यंत पोहोचली, की जीव वाचवायला कित्येकदा डोळाच काढावा लागायचा. या रुग्णांतल्या काहींना मुळात ऑक्सिजनही लागला नव्हता.