घरोघरी भुर्जी वेगळी

तुमच्या घरी भुर्जी कशी करतात? चार मैत्रिणींना विचारून बघा. एक म्हणेल, कांदा आधी लालसर परतायचा. दुसरी म्हणेल, छे, कांदा करकरीतच हवा. तिसरी टोमॅटोशिवायच्या भुर्जीला भुर्जीच म्हणणार नाही. चौथी हळूच सांगेल की ती चमचाभर दूध घालते, पण सासूबाईंना कळू देत नाही. सामान तेच, वेळ दहा मिनिटं, तरी प्रत्येकीला आपलीच पद्धत बरोबर वाटते.

मलाही वाटायची. गेल्या पावसाळ्यात आजी आजारी पडली म्हणून आई दोन महिने साताऱ्याला गेली आणि बजबजच्या घरातला स्वयंपाक माझ्याकडे आला. बजबज म्हणजे कोलकात्याच्या दक्षिणेला, हुगळीकाठचं तागाच्या गिरण्यांचं आणि तेलाच्या डेपोंचं गाव. बाबांची बदली झाली म्हणून आम्ही इथे आलो. नेमक्या त्याच दिवसांत बाबांच्या दोन दाढा काढल्या. मऊ खा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खिचडीला ते कंटाळले, म्हणून मी अगदी आईसारखी भुर्जी केली. खमंग, कोरडी, भरपूर कांद्याची. बाबांनी दोन घास खाल्ले, ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "भूक नाही गं." दुसऱ्या दिवशीही तेच. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या माणसाने अर्धपोटी राहणं किती धोक्याचं, हे तुम्हाला सांगायला नको.

शेवटी आईला फोन केला. ती हसलीच. "अगं, मी कोरडी करते ती त्यांच्या डब्यासाठी! ओली भुर्जी डब्यातून गळते. घरात तशी कर असं तुला कोणी सांगितलं?"

मी इतकी वर्षं जिला 'आमच्या घरची चव' समजत होते, ती खरं तर डब्याची सोय होती.

मग मी आईला खोदून विचारायला लागले. कांदा एवढा का? तर तिच्या माहेरी अंडी चार आणि खाणारी माणसं सहा. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घालून चार अंडी सहा पोळ्यांना पुरवायची. आंच मोठी का? तर स्वयंपाकघरात अंडं चालत नसे. मागच्या पडवीत वातीच्या स्टोव्हवर, वेगळ्या ठेवलेल्या पातेल्यात भुर्जी व्हायची आणि आजी देवळातून परत यायच्या आत सगळं आवरायचं असे. मंद आंचेवर ढवळत बसायला वेळ कुणाला होता?

कढईत नेमकं काय होतं?

अंड्याचा पांढरा भाग साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतो, पिवळा 65 ते 70 अंशांच्या आसपास. प्रथिनांचे गुंडाळलेले धागे उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि त्या जाळीत पाणी धरून ठेवतात. उष्णता वाढतच राहिली की जाळी आवळत जाते आणि पाणी पिळून बाहेर पडतं. भुर्जीखाली ताटात साचणारं पाणी बऱ्याचदा हेच असतं. आपण मात्र सगळा दोष टोमॅटोला देतो.

अर्थात टोमॅटो अगदीच निर्दोष नाही. त्याचं पाणी आटण्याआधी अंडी घातली की भुर्जी शिजत नाही, उकडते. चिनी घरांमध्ये टोमॅटो-अंडं रोजच्या जेवणात असतं. तिथे अंडी आधी गरम तेलात परतून बाजूला काढतात, त्याच कढईत टोमॅटो शिजवतात आणि शेवटी दोन्ही एकत्र करतात. एकदा करून बघा.

दुधाचं कोडंही यातच सुटतं. दुधाने प्रथिनं विरळ होतात, जाळी सैल बनते आणि अंडं मऊ राहतं. मात्र चार अंड्यांना दोन चमचे पुरे. जास्त झालं तर तेच पाणी सुटतं. मीठ फेटतानाच घातलेलं बरं, अंडं त्याने आणखी मऊ होतं. मीठ शेवटी घालणारेही आहेत, पण मला फरक जाणवला.

काकीमांची सरसूची फोडणी

आमच्या शेजारच्या काकीमा करतात ती डिम भुजिया. सरसूचं, म्हणजे मोहरीचं, तेल धूर येईपर्यंत तापवायचं, मग कांदा, हिरवी मिरची, हळद आणि अंडी. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. चांगली सुटी, भुरभुरीत होईपर्यंत परततात. मला आधी ती फार कोरडी वाटायची. मग कळलं, ती पोळीशी खायचीच नसते. पातळ डाळ-भाताबरोबर तोंडी लावायला असते, ओलावा डाळीत असतोच. इथल्या बाजारात बदकाची अंडीही मिळतात. त्यांचा बलक मोठा आणि वास उग्र, त्याला सरसूचं तेलच पुरून उरतं. संध्याकाळी रोटीच्या दुकानांवर तडका मिळतो. त्यात तर परतलेलं अंडं थेट अख्ख्या मुगाच्या डाळीतच मिसळतात.

आपल्याकडच्या भुर्जीच्या गाडीवरही हाच हिशेब असतो. पावाने टिपून घ्यायची म्हणून ती ओलसर, लोणी सोडलेली, मसालेदार. पारशी घरातली अकुरी मऊ, जेमतेम जमलेली असते, तिला पाव किंवा टोस्ट लागतो. सुरतचा घोटाळा मात्र या सगळ्यांच्या पलीकडे. उकडलेलं अंडं किसून मसाल्यात घालायचं आणि वर अर्धकच्चं अंडं फोडायचं. हे घरी करायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

बाबांसाठी मी अकुरीकडेच वळले. कांदा अगदी बारीक चिरून तुपात मऊ होऊ दिला, मिरची वगळली, चिमूटभर हळद आणि जिरं घातलं. गॅस मंद करून फेटलेली अंडी ओतली आणि उलथन्याने तळ खरवडत राहिले. पूर्ण जमायच्या जरा आधी गॅस बंद केला, कारण कढईच्या उष्णतेवर ती पुढे शिजतात. पण एक लक्षात ठेवा. लहान मुलं, गर्भवती आणि वयस्कर माणसांसाठी वाहतं, चकाकणारं अंडं ठेवू नका, साल्मोनेलाची भीती असते. सुमारे 71 अंशांपर्यंत गेलेलं अंडं सुरक्षित, आणि तेवढ्यावर ते मऊही राहतं.

डब्याचीही काळजी घ्या. उकाड्यात अंड्याचा पदार्थ एका तासापेक्षा जास्त बाहेर राहू नये. बाबांचा डेपो दहा मिनिटांवर, त्यामुळे आई त्यांचा डबा जेवणाच्या वेळेलाच गरम पाठवते. मी सकाळी सियालदहची लोकल पकडते आणि डबा दीडला उघडते. म्हणून माझ्या डब्यात ती अंडं देतच नाही. आणि कधी गरम झाकून ठेवलेली भुर्जी हिरवट दिसली तर घाबरू नका. बलकातलं लोह आणि पांढऱ्या भागातलं गंधक यांचा तो रंग आहे, लिंबाचे दोन थेंब आधीच घातले तर येत नाही.

बाबांनी त्या रात्री तीन अंड्यांची अकुरी आणि दुधात भिजवलेला पाव संपवला. ताट पुसून घेतलं म्हटलं तरी चालेल.

आई आता परत आली आहे. परवा कौतुकाने तिलाही करून वाढली. तिने एक घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि ताटातली अकुरी पुन्हा कढईत ओतून गॅस मोठा केला.