मनातलं हातावाटे

मैत्रिणींनो, “काय झालं गं?” असं कुणी विचारलं, की आपण बायका हमखास एकच उत्तर देतो. “कुठं काय? काही नाही.” हे ‘काही नाही’ दिवसातून किती वेळा तोंडून जातं, एकदा मोजून पाहा. दूध उतू जातं तेव्हा काही नाही, उगीचच मुलांवर हात उगारला जातो तेव्हा काही नाही, आणि रात्री दोन वाजता टक्क डोळे उघडे असतात तेव्हाही काही नाहीच!

लग्न होऊन मी धामणगावला आले त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या जिल्ह्यात धामणगाव गढीही आहे, म्हणून आमचं ते ‘धामणगाव रेल्वे’. मुंबई-नागपूर मार्गावरचं, कापसाच्या गाठींचं गाव. आमच्या शेजारच्या वहिनी रोज पहाटे सडा घालून दारात अशी रांगोळी काढायच्या, की दूधवालासुद्धा पाय जपून टाकायचा. एका वर्षी चैत्रात त्यांचा धाकटा भाऊ गेला. कापसाचं शेत, डोक्यावर कर्ज. त्यानं स्वतःच आयुष्य संपवलं. आमच्या वऱ्हाडात असं दुःख किती घरांत शिरलं आहे, ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

सुतक फिटलं, पण वहिनींच्या दारात पुन्हा रांगोळी उमटली नाही. सासरी त्या विषयाची बंदीच होती. लोक काय म्हणतील, मुलीची सोयरीक व्हायची आहे, वगैरे वगैरे. वहिनी रडल्या नाहीत. त्यांचं डोकं मात्र दुखू लागलं. तपासण्या झाल्या, चष्म्याचा नंबर बदलला. “मले काई नाई झालं, ताई. डोकसंच दुखते,” एवढंच त्या सांगायच्या.

मग पोळा आला. दरवर्षीप्रमाणे काळ्या मातीचे बैल करायला आम्ही दोघी ओसरीवर बसलो. माझे बैल नेहमीप्रमाणे शेळीसारखे झाले. वहिनींनी मात्र एकच बैल केला, तोही तासभर खपून. शिंगं, वशिंड, गळ्यातली घंटा. चुन्याचं बोट घेऊन कपाळावर ठिपका दिला आणि म्हणाल्या, “हा माह्या भाऊचा ढवळ्या होय, ताई. कपाळावर चांद होता त्याले. अखेरपर्यंत इकला नाई त्यानं.” आणि इतक्या महिन्यांचं रडू तिथं, त्या चिखलाच्या हातांनी बाहेर आलं. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. पाण्याचा तांब्या आणून ठेवला, इतकंच.

त्या दिवशी ओसरीवर जे घडलं, त्याच्या जवळपासचं एक शास्त्र आहे. त्याला ‘आर्ट थेरपी’ म्हणतात. आपण कलोपचार म्हणू. एड्रियन हिल नावाचे एक इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयरोगाच्या रुग्णालयात पडून होते. अंथरुणातल्या अंथरुणात चित्रं काढताना आपलं मन सावरतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी इतर रुग्णांच्या हातीही पेन्सिली दिल्या. १९४२ साली त्यांनी या गोष्टीला हे नाव दिलं आणि १९४५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आज हे रीतसर शिकवलं जातं, आणि त्याचे प्रशिक्षित उपचारकही असतात.

पण तुम्ही म्हणाल, आमच्या आज्यांनी कुठं हे शिकलं होतं? खरंय. भुलाबाई आठवा. भाद्रपद पौर्णिमेला मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडायचे, ते थेट कोजागिरीपर्यंत. टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणायची आणि खाऊ ओळखायचा. त्या गाण्यांत सासू, नणंद, माहेरची ओढ सगळं येतं. सासूला तोंडावर जे बोलता येत नव्हतं, ते गाण्यात बोललं की कुणाला राग नाही! जात्यावरचंही तेच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आणि आपल्या बहिणाबाई चौधरी! लिहिता-वाचता येत नव्हतं, ऐन तारुण्यात वैधव्य आलं. पण शेतात आणि घरात राबता राबता त्या गात राहिल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं.

आता घरोघरी पिठाच्या गिरणीतून दळण येतं. जातं गेलं, मनगटाचे कष्ट वाचले, हे बरंच झालं. पण जात्याशी बोलायची ती पहाटही गेली. तिच्या जागी आपण काय ठेवलं? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते.

हे काम कसं करतं म्हणाल, तर दुःखाला पुष्कळदा शब्दच सापडत नाहीत. हात मात्र आकार शोधतात. हात एका लयीत चालले की श्वास संथ होतो. आणि मनातलं कागदावर उतरलं, की ते समोर येतं. मग ते जरा लांबून पाहता येतं. २०१६ साली अमेरिकेत ३९ माणसांवर एक छोटा प्रयोग झाला. त्यांना ४५ मिनिटं रंग, माती, कागद देऊन हवं ते करू दिलं. त्यानंतर सुमारे पाऊण लोकांच्या शरीरातलं ताणाशी निगडित असलेलं एक द्रव्य कमी झालेलं आढळलं. गंमत म्हणजे, चित्रकला येणाऱ्यांत आणि न येणाऱ्यांत त्याबाबत फारसा फरक नव्हता. तेव्हा “मला बाई येत नाही” ही सबब बाद!

घरच्या घरी काय करता येईल?

१. दुपारी सगळं आवरल्यावर पंधरा-वीस मिनिटं स्वतःची म्हणून ठेवा. मुलांचे उरलेले खडू, जुनी वही, गेरू, नीळ, हळद काहीही चालेल. दुकानात जाऊन खर्च करायची गरज नाही.

२. आजचा दिवस कोणत्या रंगाचा होता, एवढाच विचार करून कागद भरा. फुलं-पानं यायलाच हवीत असं नाही. नुसत्या रेघोट्या मारल्या तरी हरकत नाही. राग आला असेल तर जोरात मारा. कागद फाटला तर फाटला.

३. ठिपके न मोजता रांगोळी काढा. दारात नको वाटत असेल तर परसात काढा, पाटावर काढा.

४. मातीचा किंवा कणकेचा गोळा घेऊन मळत बसा. हाताला जो आकार सुचेल तो होऊ द्या.

५. गेलेल्या माणसाच्या धोतराची, लुगड्याची, सदऱ्याची वाकळ शिवा. एकेक टाका घालताना आठवण येईल, येऊ द्या.

६. लिहिणं जवळचं वाटत असेल तर सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातलं खरं खरं लिहा. शुद्धलेखन पाहू नका. १९८६ साली अमेरिकेत अशा लिहिण्यावर एक अभ्यास झाला. लिहिल्याबरोबर त्या लोकांना जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत दुखण्यांसाठी डॉक्टरांकडे जाणं कमी झालं. तेव्हा लिहून रडू आलं तर घाबरू नका. मात्र फारच त्रास होऊ लागला तर थांबा आणि विश्वासातल्या माणसाशी बोला.

दोन पथ्यं पाळायची. एक, हे कुणाला दाखवायचं नाही. दाखवावंसं वाटलं तरच दाखवायचं. आणि दुसरं, “छान झालं का?” असं विचारायचं नाही. हे चित्र बैठकीच्या भिंतीसाठी नाही.

आणि आता एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. रंग-रांगोळी म्हणजे औषध नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, सारखं अपराधी वाटतं, असं असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. जगणंच नको वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन कधीही करा, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं. ताप आला तर आपण लाजतो का? मग इथंच कशाला लाजायचं!

वहिनींचंही नुसत्या मातीच्या बैलानं भागलं नाही. पोळ्यानंतरच्या आठवड्यात आम्ही दोघी एसटीनं अमरावतीला गेलो आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. डोकं एकदम थांबलं नाही. पण महिन्याभरानं त्या मला म्हणाल्या, “डोकसं अजून दुखते ताई, पण आता कायच्यानं दुखते ते समजते.”

त्या वर्षी कोजागिरीला आमच्या गल्लीतल्या मुलींना त्यांनी भुलाबाईची गाणी म्हणून दाखवली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी भरायला उठले, तर त्यांच्या दारात रांगोळी होती. लहानशीच. एक शेत, आणि त्यात एक बैल, कपाळावर चांद असलेला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं, तर त्या सांगत होत्या, “माह्या भाऊचा आहे.” भावाचं नाव त्या दारात इतक्या महिन्यांनी निघालं.

तेव्हा मैत्रिणींनो, आज दुपारी भांडी विसळून झाली, की एक कागद घ्या. आणि पुढच्या खेपेला कुणी “काय झालं गं?” असं विचारलं, तर ‘काही नाही’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा.