बॅकअप रोज होत होता, फक्त फाइल रिकामी होती

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि मालाबरोबर वह्या, कागदपत्रं, कम्प्युटरही पाण्याखाली गेले. हिशेबाची एक प्रत दुसरीकडे ठेवावी, हे रत्नागिरी जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायला नको. पण दुसरीकडे ठेवलेली प्रतच कोरी निघाली तर?

समजा, रत्नागिरीतला एक बागायतदार हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकतो. गिऱ्हाइकांचे पत्ते, कुणाचे पैसे आले, कुणाचे यायचेत, सगळं पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये. हा डेटाबेस एका कंटेनरमध्ये चालतो. कंटेनर म्हणजे बंदरावरचा लोखंडी डबा नव्हे, पण कल्पना तीच. सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात बंद. डबा कुठल्याही मशीनवर ठेवा, आत तेच असणार.

रोज रात्री बॅकअप घेणारा प्रोग्रॅम, पीजी-डम्प, मात्र दुसऱ्या डब्यात. घोळ इथेच होतो, कारण एका डब्यात काय बदललं याचा दुसऱ्याला पत्ता नसतो. वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलानं सीझनच्या आधी डेटाबेस रीतसर १५ व्या आवृत्तीवरून १७ व्या आवृत्तीवर नेला. बॅकअपचा डबा तसाच राहिला, आत पीजी-डम्प १५.

पीजी-डम्पचा नियम असा, की स्वतःपेक्षा जुन्या डेटाबेसची प्रत तो काढून देतो, पण स्वतःपेक्षा नव्या मुख्य आवृत्तीला हात लावत नाही. नव्या आवृत्तीची आतली मांडणी त्याला ठाऊक नसते. चुकीची प्रत काढण्यापेक्षा सरळ नकार देतो, आणि ते बरोबरच आहे.

पण त्याचा नकार ऐकणारं कुणी नसतं. बॅकअपची कमांड बहुतेक वेळा अशी असते: पीजी-डम्पनं डेटा द्यायचा, जीझिपनं तो दाबून फाइलमध्ये भरायचा. पीजी-डम्पनं हात वर केले तरी जीझिप इमानदारीत ‘काहीच नाही’ दाबतो आणि २० बाइटची फाइल बनवतो. लिनक्सचं शेल अशा जोडकामात शेवटच्या प्रोग्रॅमचा निकाल धरतं. जीझिप पास, म्हणून बॅकअप पास! फोल्डरमध्ये रोज नव्या तारखेची फाइल दिसते. त्यात सात दिवसांपेक्षा जुन्या फाइल आपोआप पुसायची सोय केलेली असेल, तर आठवड्याभरात शेवटचा चांगला बॅकअपही गेला.

हे फक्त छोट्या धंद्यात होतं असं नाही. गिटलॅब ही जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात ती साइट. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर उडवलं. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअप काढायला गेले, तर साठवणीच्या जागी काहीच नाही. तिथे दोन डब्यांऐवजी दोन सर्व्हर होते, दुखणं मात्र हेच. डेटाबेस ९.६ चा आणि पीजी-डम्प ९.२ चा. बॅकअप फसल्याचे ईमेल निघत होते, पण मेलच्या सेटिंगमधल्या त्रुटीमुळे ते वाटेतच नाकारले जात होते.

वाचवलं ते योगायोगानं. सहा तास आधी एका इंजिनिअरनं वेगळ्याच कामासाठी डिस्कची हाताने काढलेली एक प्रत होती. तरी मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच. सुमारे ५ हजार प्रोजेक्ट, ५ हजार कमेंट आणि ७०० नव्या खात्यांना फटका बसला. एक मानलं पाहिजे, गिटलॅबनं काही झाकलं नाही. दुरुस्ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली.

आंबेवाल्यासाठी उपाय स्वस्त आहे. डेटाबेसच्या डब्यातच पीजी-डम्प असतो, बॅकअप त्यानेच काढायचा, म्हणजे आवृत्ती चुकायचा प्रश्नच नाही. वेगळा डबा हवाच असेल तर दोन्हींवर ‘लेटेस्ट’ न लिहिता आवृत्तीचा तोच आकडा लिहायचा आणि बदलताना दोन्ही बदलायचे. कमांडच्या आधी ‘पाइपफेल’ची सेटिंग लावली, की पीजी-डम्पचा नकार जीझिपच्या मागे लपत नाही.

आणि महिन्यातून एकदा कालची फाइल रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून ऑर्डरी मोजायच्या. तेवढाही वेळ नसेल तर निदान फाइलचा आकार बघायचा. परवा ४० एमबी आणि काल २० बाइट दिसले, तर त्याच दिवशी वेबसाइटवाल्या मुलाला फोन लावायचा.