पात्यांचा वेग कुणाचा?

पायाऐवजी लावलेल्या कार्बनच्या पात्यांमुळे धावपटूला आयता वेग मिळतो, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. 30 ऑगस्ट 2021 ला टोकियो पॅरालिम्पिकमध्ये झालेली पुरुषांची 100 मीटर टी64 (गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावणाऱ्यांच्या गटातली) शर्यत बघा. जर्मनीचा योहानेस फ्लोर्स दोन्ही पायांना पाती लावून धावतो, ब्रिटनचा जॉनी पीकॉक एकाच पायाला. दोघांची वेळ 10.79 सेकंद! फोटोफिनिशनंही निवाडा होईना, शेवटी कांस्यपदक दोघांना दिलं. दोन पाती म्हणजे दुप्पट फायदा असता, तर फ्लोर्स सहज पुढे निघाला असता. पात्यात मोटर नसते. धावपटूनं वजनानिशी दाबून घातलेली ऊर्जाच ते परत देतं, आणि तीही पूर्ण नाही. स्टार्टिंग ब्लॉकमधून उसळताना तर घोटा आणि पोटरी नसल्याची किंमत मोजावीच लागते.

आता आक्षेप असा, की हाच फ्लोर्स टोकियोतच 400 मीटर 45.85 सेकंदांत जिंकला. रास्त मुद्दा आहे. पोटरी दमते, पातं दमत नाही. शिवाय पाती उंच केली की ढांगही लांबते. म्हणूनच दोन्ही पाय नसलेल्या धावपटूंच्या पात्यांसकट उंचीला शरीराच्या मापांवरून कमाल मर्यादा घातलेली आहे. वाद घालायचाच, तर तो या मर्यादेच्या हिशेबावर घालावा. धावणाऱ्याच्या मेहनतीवर शंका कशाला?