नीरेची ताडी सूर्य करत नाही

नीरेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "सूर्य उगवायच्या आत प्यायली तर नीरा, ऊन लागलं की ताडी." शिकलेली माणसं म्हणतात, वडीलधारी म्हणतात, आता मोबाइलवर फिरणारे आरोग्याचे संदेशही हेच सांगतात. त्यातूनच पुढचा निष्कर्ष निघतो: सकाळी दहाला किंवा दुपारी बाराला केंद्रावर नीरा मिळत असेल, तर ती एक तर भेसळीची किंवा चढणारी. पहाटे झाडावर चढून आणलेला, नीट गाळून थंड ठेवलेला रस या एका समजुतीपायी लोक नाकारतात, म्हणून ती मुळापासून तपासायला हवी.

नीरा म्हणजे ताड, माड किंवा शिंदीच्या झाडाचा ताजा रस. माडाची न उमललेली पोय बांधून घेतात, काही दिवस ती हलक्या हाताने ठोकतात आणि मग टोकाची पातळ चकती कापतात. त्या कापातून थेंब थेंब रस मडक्यात उतरतो. काप सुकू नये म्हणून रोज नवी चकती काढावी लागते. शिंदीचा रस पोयीतून नव्हे, तर शेंड्याजवळ खोड तासून काढतात. एका हंगामात एका बाजूने, पुढच्या हंगामात दुसऱ्या बाजूने. म्हणून जुन्या शिंदीच्या खोडावर आलटून पालटून खाचा दिसतात. या रसात साधारण 10 ते 15 टक्के साखर असते, तीही मुख्यतः आपल्या साखरेच्या डब्यातलीच, म्हणजे सुक्रोज. ताज्या रसाचा सामू 7 च्या आसपास असतो. त्यामुळे तो आंबट लागत नाही.

आता ताडी कशी होते ते पाहू. हवेत, कापावर, कोयत्यावर आणि कालच्या मडक्याच्या भिंतींवर यीस्ट व जिवाणू असतातच. गोड रस मिळाला की ते वाढू लागतात. यीस्ट आणि झायमोमोनास हा जिवाणू साखरेपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतात, तर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आंबटपणा आणतात. या साऱ्याला सूर्यप्रकाश लागत नाही. अंधारात, झाकलेल्या मडक्यातही हे घडतं. लागतो तो वेळ आणि ऊब. इडलीचं पीठ मे महिन्यात रात्रीतून भांड्याबाहेर येतं आणि जानेवारीत सकाळपर्यंत जेमतेम हलतं, तसंच हे आहे. पिठाला ऊन लागलं होतं का, असं तिथे कुणी विचारत नाही.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. मडकं संध्याकाळी बांधतात आणि पहाटे उतरवतात. पहिला थेंब पडला तेव्हापासून उतरवेपर्यंत दहा-बारा तास गेलेले असतात. रात्र उकाड्याची असेल, मडकं धुतलेलं नसेल आणि आत काहीच लावलेलं नसेल, तर सूर्योदयापूर्वी हाती आलेला रसही बराच आंबलेला असू शकतो. पहाटेची वेळ ही काही शुद्धतेची हमी नव्हे. पहाटे रस उतरवण्याचा फायदा इतकाच की रात्रीचा गारवा आंबण्याचा वेग कमी ठेवतो आणि पुढे दिवस तापायच्या आत रस खाली येतो. जुन्या लोकांचं निरीक्षण चुकलेलं नव्हतं, कारण मात्र चुकीचं सांगितलं गेलं.

मग आंबणं थांबवायचं कसं? जुना उपाय चुन्याचा. मडक्याला आतून चुना लावला की रस अल्कधर्मी होतो आणि यीस्टला तिथे वाढता येत नाही. नंतर चुना तळाशी बसू देऊन वरचा रस गाळून घेतात. तमिळनाडूत ताडाचा असा चुना लावून काढलेला रस 'पदनीर' या नावाने भर उन्हाळ्यात, भर दिवसा रस्त्याच्या कडेला विकतात, सोबत ताडगोळे असतात. सूर्याने ताडी होत असती तर हे पेय अस्तित्वातच नसतं. ताडगूळही झाला नसता, कारण तो याच रसाला उकळून होतो. नवा उपाय थंडीचा. कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेने माडाच्या पोयीलाच बसवता येईल अशी बर्फाची पेटी तयार केली. रस थेट थंड भांड्यात उतरतो, चुनाही लागत नाही. या रसाला त्यांनी 'कल्परस' नाव दिलं. केंद्रावरची दुपारची थंडगार नीरा पाहून "केमिकल टाकलंय" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: थंडी हेच तिथलं मुख्य औषध आहे. साखरपाणी मिसळणारे विक्रेते असतात, हे खरं. पण ती भेसळ पहाटे पाचलाही करता येते.

कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात नीरेचा विचार ताडीहून वेगळा केलेला आहे आणि न आंबलेली असणं हीच तिची ओळख मानली आहे. गांधीजींनी नीरा आणि ताडगुळाचा पुरस्कार केला तोही याच आधारावर: ताडी बंद झाली तरी झाडावर चढणाऱ्याचं पोट चालावं. बिहारमध्ये 2016 ला दारूबंदी झाल्यावर ताडी काढणाऱ्यांना नीरेकडे वळवण्याचे प्रयत्न झाले, त्यामागेही हाच विचार होता.

बाकीचे समज थोडक्यात. "नीरा मधुमेहींना चालते." नाही. 200 मिलिलिटरच्या पेल्यात 20 ते 30 ग्रॅम साखर जाते. माडाच्या साखरेचा ग्लायसेमिक निर्देशांक 35 असल्याचा जो आकडा फिरतो, तो फिलिपाइन्समधल्या एका चाचणीतला आहे. सिडनी विद्यापीठाच्या मोजणीत तो 54 आला. शिवाय तो साखरेचा आकडा आहे, नीरेचा नव्हे. "नीरा म्हणजे ताडगोळ्याचं पाणी." नाही, फळाचा इथे संबंध नाही. "आंबलेली नीरा वाया गेली." मुळीच नाही. गोव्यात माडाच्या ताडीला सूर म्हणतात, तिच्यावर सान्नां फुगतात आणि ती आणखी आंबवून व्हिनेगर करतात.

एक समज मात्र धोक्याचा आहे: "झाडावरून उतरवली आणि तशीच प्यायली तर सगळ्यात चांगली." बांगलादेशात खजुरीचा कच्चा रस पिण्याशी निपाह विषाणूच्या साथींचा संबंध आढळला आहे. 2005 सालची टांगाइलची साथ त्यातलीच. रात्री फळवटवाघळं मडक्याशी येऊन रस चाटतात, त्यांची लाळ व लघवी रसात मिसळते. तिथल्या संशोधकांनी काप आणि मडकं बांबूच्या विणलेल्या आडोशाने झाकून पाहिलं, तेव्हा वटवाघळं रसापर्यंत पोचेनाशी झाली. उघड्या मडक्यातला रस पहाटेचा असला तरी तो पिऊ नये.

तेव्हा नीरा घेताना घड्याळाकडे पाहू नका. परवानाधारक केंद्रावर जा, मडकी झाकून बांधतात का आणि रस उतरवल्यापासून थंडीत होता का, हे विचारा. पेला हातात आल्यावर वास घ्या. आंबूस वास, फेस किंवा जिभेला चुरचुर जाणवली तर परत करा. चांगली असेल तर तिथेच उभं राहून संपवा, बाटलीत भरून घरी नेऊ नका. पिशवीत तासभर उबेत राहिली की ती आंबू लागते, मग बाहेर ऊन असो वा काळोख.