मोरीपलीकडचे शौच

‘शौच’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ शुद्धता. पतंजलीने योगसूत्रांत जे पाच नियम सांगितले आहेत, त्यांत पहिला मान शौचाचा आहे. मराठीत मात्र या शब्दाचा अर्थ आकुंचित होत होत एका देहधर्मापुरता उरला, आणि त्याविषयी चारचौघांत बोलणे असभ्य ठरले. परिणाम असा झाला की, ज्या कुटुंबात देवघरातील उपकरणी नित्य घासली जातात आणि सोवळ्याओवळ्याचा बारीक विचार होतो, त्याच कुटुंबात घरचा मैला पुढे कोठे जातो हे एकाही वडीलधाऱ्यास सांगता येत नाही. मोठ्या शहरांत जेथे भूमिगत गटारे आहेत, तेथे हे अज्ञान एक वेळ खपून जाते. परंतु कोकणातील घरे, लहान गावे व शहरांभोवती वाढलेल्या वसाहती येथे बहुधा अंगणातील सेप्टिक टाकीवरच सारा भार असतो. तेथे हे अज्ञान महाग पडते; प्रसंगी प्राणांवर बेतते, आणि ते प्राण पुष्कळदा दुसऱ्याचे असतात. म्हणून संकोच बाजूस ठेवून या विषयाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या पूर्वजांस असा संकोच नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घराची मोरी शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतरावर असावी हे सांगून, नियम मोडणारास दंडही लाविला आहे. सेप्टिक टाकी ही मात्र अलीकडची, युरोपातील युक्ती होय. फ्रान्समध्ये मूरा नावाच्या गृहस्थाने अशी टाकी बांधून १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधील एक्सेटर शहरी डोनाल्ड कॅमेरॉन याने सुधारलेल्या टाकीस ‘सेप्टिक’ हे नाव दिले.

टाकीचे कार्य समजण्यास अवघड नाही. आत आलेला जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट व हलका भाग वर सायीसारखा धरतो, आणि मधले त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढे शोषखड्ड्यात जाते. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू गाळ कुजवून त्याचे आकारमान कमी करतात. परंतु तो नाहीसा करीत नाहीत. हे एवढे वाक्य ज्याने लक्षात ठेविले, त्याने अर्धे काम केले. ‘आमची टाकी वीस वर्षांत कधी उपसावी लागली नाही’ असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ भेटतात. अशा टाकीत बहुधा गाळ काठोकाठ भरलेला असतो व मैला तसाच शोषखड्ड्यात उतरत असतो. किंवा टाकीस तळच नसतो व सर्व काही जमिनीत मुरत असते. त्याच अंगणात विहीर असेल तर पुढचे सांगावयास नको. शोषखड्डा व विहीर यांत निदान १८ मीटर अंतर असावे असा दंडक आहे. कोकणातील सच्छिद्र जांभ्यातून पाणी चटकन पाझरते, म्हणून तेथे तर हे अंतर जितके अधिक तितके बरे.

आता घरात नित्य उद्भवणाऱ्या तक्रारी. एकच मोरी तुंबली असेल, तर दोष त्या मोरीच्या नळीत आहे असे समजावे. घरातील सर्व मोऱ्या एकदम मंद झाल्या व तळमजल्यावर पाणी उलटू लागले, तर मुख्य नळी तुंबली आहे किंवा टाकी भरली आहे. संडासात पाणी टाकताच शेजारच्या मोरीतून गुडगुड आवाज आला, तर वायुनळीत पाला, घरटे असे काही अडकले आहे का ते पाहावे. पाहुण्यांसाठी राखलेल्या व क्वचितच वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरात दुर्गंधी येऊ लागली, तर कारागीर बोलावण्यापूर्वी जाळीत तांब्याभर पाणी ओतावे. मोरीखालच्या वाकड्या नळीत साठलेले पाणी हेच दुर्गंधीस अडविणारे दार होय. ते आटले की दार उघडे पडते. ही वाकडी नळी आपल्याकडील कारागीर ‘न्हाणी ट्रॅप’ या नावाने ओळखतात.

नळी तुंबण्याचे मूळ बहुधा स्वयंपाकघरात असते. तळणीचे उरलेले तेल, भाताची शिते, नारळाच्या शेंडीचे तंतू व राख यांचा नळीत पक्का लगदा बनतो. तेल कागदाने पुसून केरात टाकावे व मोरीस बारीक जाळी बसवावी. तीव्र आम्ल व फिनेल यांचा मारा केल्यास टाकीतील उपकारक जंतू मरतात. उलट शेण, गूळ किंवा बाजारात मिळणारी चूर्णे टाकल्याने टाकी उपसणे काही टळत नाही. पावसाचे पाणी टाकीत मुळीच सोडू नये. एकत्र कुटुंबात लग्नमुंज किंवा गणपतीच्या दिवसांत माणसे दुपटीने वाढतात. त्या वेळी आंघोळीचे व धुण्याचे पाणी टाकीत न सोडता परसातील केळी-माडांकडे वळविता आले तर उत्तम. एरव्ही पाण्याच्या लोंढ्याने बसलेला गाळ ढवळून बाहेर पडतो.

गाळ व साय मिळून टाकीच्या निम्म्या खोलीस पोहोचण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः दर दोन-तीन वर्षांनी, टाकी उपसून घ्यावी. ती यंत्राच्या गाडीनेच उपसावी. माणूस आत उतरवू नये. या लेखाचे मुख्य प्रयोजन हेच आहे. टाकीत प्राणवायू नसतो. तेथे मिथेन असतो, तो ज्वालाग्राही. आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, तो विषारी. या दुसऱ्या वायूचा प्रथम सडक्या अंड्यासारखा वास येतो, परंतु प्रमाण वाढले म्हणजे घ्राणशक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे भय गेले असे मानणारा माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. त्यास वाचविण्यास दुसरा उतरतो, त्याच्यामागून तिसरा, आणि एका टाकीत तीन-तीन बळी जातात. झाकण उघडून काडी ओढून पाहणे हेही तितकेच घातक.

२०१३ च्या कायद्याने टाकी व गटारे यांची अशी धोकादायक सफाई माणसाकडून करविणे हा गुन्हा ठरला असून, पहिल्या अपराधासही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली होती. ती २०२३ मध्ये तीस लाखांवर नेली. तथापि ‘शे-पाचशे अधिक घे, पण आजच उतर’ असे सांगणारा यजमान अजून आढळतो, आणि उतरणारा पिढ्यान्पिढ्या ठरलेल्या त्याच जातींतला असतो. ज्याच्या हातचे पाणी आपल्या आजोबांनी घेतले नाही, त्याच्याच नातवास आपण आपल्या मैल्यात उतरवीत असू, तर आपण शौचाचे नाव कोणत्या तोंडाने घ्यावे?

या बाबतीत कोकणातील एका ब्राह्मणाचे स्मरण करणे उचित होईल. अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या कारागृहात मैलासफाईचे काम आपणांस मिळावे म्हणून अन्नाचा त्याग आरंभिला. त्यांस पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही उपोषण केले. पुढे कणकवलीजवळ गोपुरी येथे त्यांनी मैल्याचे निर्मळ खत करण्याचे व सोयीचे संडास बांधण्याचे प्रयोग केले. आज यंत्राची गाडी मिळत असता तितक्या त्यागाचीही गरज उरलेली नाही. कृष्णाकाठच्या वाई नगरीने तर २०१८ पासून, घरमालकाच्या निरोपाची वाट न पाहता, दर तीन वर्षांनी पाळीपाळीने घरोघरच्या टाक्या यंत्राने उपसून गाळावर प्रक्रिया करण्याची व्यवस्था केली आहे. इतर गावांतील नागरिकांनी आपल्या नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे तशीच मागणी लेखी करावी.

घरच्या वडील माणसांनी करावयाचे एवढेच. टाकी कोठे आहे ते शोधावे. तिच्यावर फरशी किंवा तुळशीवृंदावन बांधले गेले असेल, तर झाकण मोकळे करून घ्यावे. गाडीची नळी तेथवर पोहोचते का हे पाहावे. झाकण जड व घट्ट असावे, म्हणजे मुलेबाळे सुरक्षित राहतील. घरपट्टीच्या पावत्यांबरोबर एका वहीत टाकीची जागा, मापे व ती उपसल्याची तारीख लिहून ठेवावी, आणि ती वही मुलांस व सुनांस दाखवावी. श्राद्धाची तिथी जसे घर विसरत नाही, तशी ही तारीखही विसरू नये.