विंचवाचे बिऱ्हाड न्यूझीलंडच्या डोंगरात

परदेशात स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा भावाकडे जाणाऱ्या मराठी माणसाचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. विमानतळावरून घरी, घरातून मॉलमध्ये, शनिवार-रविवारी गाडीतून एखादे प्रेक्षणीय स्थळ, छायाचित्रे आणि पुन्हा घर. यजमान कामावर जातो, पाहुणा खिडकीतून सामसूम रस्ता न्याहाळत बसतो. निरोपाच्या वेळी लक्षात येते, की बोलणे असे झालेच नाही. न्यूझीलंडमधील मंडळी मात्र अशा भेटीसाठी वेगळी वाट धरतात. पाठीवर पिशवी टाकून आप्तेष्टांसह दोन-चार दिवस डोंगरात चालत राहायचे. याला तेथे 'ट्रॅम्पिंग' म्हणतात.

हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून थोडा लहान आणि लोकसंख्या जेमतेम ५३ लाख. त्यातील जवळजवळ एक तृतीयांश भूभाग संरक्षित असून तो संवर्धन विभागाच्या ताब्यात आहे. २०२३च्या जनगणनेत भारतीय वंशाच्या नागरिकांची संख्या सुमारे २ लाख ९२ हजार भरली. त्यामुळे पुण्या-मुंबईतील बऱ्याच घरांचा एखादा तरी धागा आता तिकडे जोडलेला असतो.

या भटकंतीचा कणा म्हणजे डोंगरातील झोपड्या. 'हट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा साडेनऊशेहून अधिक झोपड्या देशभर आहेत. त्यांचा उगम पर्यटनात नाही, हे वाचून आश्चर्य वाटेल. एकोणिसाव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांनी शिकारीच्या हौसेपायी हरणे आणून सोडली. शत्रू नसल्याने ती बेसुमार वाढली, कोवळी झाडे फस्त झाली, उतार उघडे पडू लागले. मग सरकारलाच पगारी शिकारी नेमावे लागले. १९५६मध्ये हे काम वन खात्याकडे आले आणि शिकाऱ्यांच्या निवाऱ्यासाठी दऱ्याखोऱ्यांत शेकडो झोपड्या उभ्या राहिल्या. १९८७मध्ये वन खाते बरखास्त होऊन संवर्धन विभाग स्थापन झाला, तेव्हा हा वारसा त्याच्याकडे गेला.

झोपडीत बाक, गाद्या, पाणी आणि बहुतेक ठिकाणी लाकडाची शेगडी असते. अंथरूण-पांघरूण, भांडी, शिधा सारे स्वतःचे. सह्याद्रीत पायथ्याच्या गावी पिठलं-भाकरी मिळते. तेथे वाटेत गावच नसते. साध्या झोपड्या 'आधी येईल त्याला जागा' या तत्त्वावर चालतात आणि त्यांसाठी तिकिटे किंवा पास मिळतो. अगदी प्राथमिक झोपड्या विनामूल्य असतात. 'ग्रेट वॉक' म्हणून गाजलेल्या वाटांचे मात्र मोसमात आगाऊ आरक्षण लागते. साडेत्रेपन्न किलोमीटरच्या मिलफर्ड ट्रॅकवर दिवसाला चाळीसच स्वतंत्र पदयात्री सोडतात, त्यामुळे तेथील जागा पाहता पाहता संपतात. काही वाटांवर परदेशी पाहुण्याला रहिवाशापेक्षा जास्त दर पडतो. म्हणजे एकाच झोपडीत शेजारी झोपणाऱ्या दोन भावांची भाडी वेगळी!

सर्वांत कडक प्रकरण विमानतळावरचे. खाद्यपदार्थ, बिया आणि मातीचे बूट यांची माहिती प्रवेशपत्रावर द्यावीच लागते. लपवल्यास जागच्या जागी ४०० डॉलर दंड. प्रस्तुत प्रतिनिधीचे राजगडाची माती लागलेले बूट घरी दोनदा घासले गेले होते, तरी अधिकाऱ्याने तळवे निरखून पाहिलेच. आईने दिलेला गोडा मसाला सुटला, अळिवाची पुडी तेथेच राहिली. सांगून टाकल्याने दंड मात्र टळला.

डोंगरात साप नाहीत, हिंस्र श्वापदेही नाहीत. भीती पाण्याची. पश्चिमेकडील मिलफर्ड परिसरात पाऊस आंबोलीच्या तोडीचा, पण तो बाराही महिने विखुरलेला. नद्या तासाभरात फुगतात. एकोणिसाव्या शतकात नदीत बुडून इतकी माणसे दगावत, की त्या मरणाला 'न्यूझीलंडचा मृत्यू' असेच नाव पडले होते. मोबाइलला संपर्क नसतो. म्हणून उपग्रहाद्वारे संकेत देणारे छोटे यंत्र भाड्याने घ्यावे आणि प्रत्येक झोपडीतील वहीत आपण कोठून आलो, कोठे निघालो ते लिहावे. शोधपथक आधी ती वही उघडते.

२०२४च्या फेब्रुवारीत थोरल्या भावाबरोबर रूटबर्न ट्रॅक करण्याचा योग आला. ही वाट सुमारे ३३ किलोमीटरची. माओरी लोक हिरव्या पाषाणाच्या, म्हणजे 'पौनामू'च्या शोधात याच भागातून ये-जा करीत. वाटेची दोन टोके पायी तीन दिवसांवर, पण रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. मग गाडी कोणत्या टोकाला ठेवायची? तेथील जाणकारांची युक्ती अशी, की दोन चमूंनी दोन टोकांकडून निघायचे, मध्ये भेटायचे आणि किल्ल्यांची अदलाबदल करायची. दादाचा पुण्याचा महाविद्यालयीन मित्र आता डनीडनला असतो. दोघांची सहा वर्षे भेट नव्हती. तो सहकुटुंब दुसऱ्या टोकाकडून निघाला.

पहिला मुक्काम रूटबर्न फॉल्स झोपडीत. सायंकाळी रखवालदाराने सर्वांना जमवून हवामान आणि आगीचे नियम सांगितले. नंतर करण्यासारखे काहीच उरले नाही. आमचे वडील एप्रिल २०२१मध्ये गेले. तेव्हा सीमा बंद होत्या, दादा येऊ शकला नाही. घरात त्याविषयी कोणी त्याला दोष दिला नाही, आणि कोणी विषयही काढला नाही. त्या रात्री ओसरीवर तोच म्हणाला, "तुझे सात मिस्ड कॉल होते. मी झोपताना फोन सायलेंटवर ठेवायचो." आपल्याकडचे रात्रीचे दहा म्हणजे तेथील पहाटेचे साडेचार. तो उठला तेव्हा महापालिकेची गाडी बाबांना घेऊन गेलेली होती. व्हिडिओ कॉलवर शेवटचे पाहण्याचीही संधी हुकली, हे त्याने तीन वर्षे मनात ठेवले होते. "उचलला असतास तरी तिथे कुणालाच सोडत नव्हते, दादा," एवढेच मला सुचले. तो बराच वेळ बाबांच्या शेवटच्या आठवड्याविषयी विचारत राहिला. काय खात होते, माझ्याविषयी काही म्हणाले का, चष्मा कुठे आहे.

माओरी परंपरेत आपली ओळख देताना आधी आपला पर्वत आणि आपली नदी सांगतात, मग घराणे, सर्वांत शेवटी नाव. याला 'पेपेहा' म्हणतात. दादाच्या मुलीला शाळेत तो तयार करायला सांगितला होता. पर्वत कोणता लिहावा, यावर बापलेकीचा वाद झाला म्हणे. अखेर तिने सिंहगड आणि मुठा लिहिले, दोन्ही एकदाच पाहिलेले असताना.

दुसऱ्या दिवशी १,२५५ मीटर उंचीच्या हॅरिस सॅडल खिंडीत मित्राचे कुटुंब ठरल्याप्रमाणे भेटले. वारा इतका, की गळाभेट उरकून सारे निवाऱ्यात शिरलो. चहा झाला, थालीपिठे वाटली गेली, जुन्या वर्गमित्रांची हजेरी घेऊन झाली आणि तासाभराने दोन्ही चमू आपापल्या दिशेला लागले. मॅकेन्झी तलावाच्या उतारावर दादाने खिशात हात घातला, तर स्वतःच्याच गाडीची किल्ली हाती लागली. मग ती द्यायला एकट्यानेच चढ परत चढून गेला.